रात्रीच्या सीसीटीव्ही चित्रावरचे पांढरे धुके आणि ते घालवण्याचे उपाय

मुंबई-पुण्यात राहून गावाकडच्या घरावर मोबाइलमधून लक्ष ठेवणाऱ्या कुटुंबांची एक तक्रार मला वारंवार ऐकू येते. दिवसा अंगणातल्या तुळशीवृंदावनाचा कोनाडासुद्धा ओळखता येईल इतके चित्र स्वच्छ असते. दिवेलागण झाली, कॅमेऱ्यातून ‘टक्’ असा आवाज आला आणि चित्र काळे-पांढरे झाले, की त्यावर पांढरट धुके पसरते, एखादा कोपरा पांढराफटक पडतो आणि फाटकापाशी कोण उभे आहे ते मात्र काळोखात बुडून जाते. यावर उपाय म्हणून बहुधा जास्त मेगापिक्सेलचा किंवा जास्त पल्ल्याचा कॅमेरा सुचवला जातो. गुहागर तालुक्यातले आमचे घर, आसपासच्या नातेवाइकांची घरे आणि पुण्यातल्या आमच्या सोसायटीचे पार्किंग अशा ठिकाणचे कॅमेरे सांभाळताना माझे मत असे बनत गेले आहे की, अशा बहुतेक प्रसंगी कॅमेरा बिघडलेला नसतो आणि त्याचा उजेडही कमी पडत नसतो. त्याचा स्वतःचाच उजेड फार जवळच्या कशावर तरी आपटून त्याच्याच भिंगात परत येत असतो. हे मान्य केले की जास्त ताकदीचा कॅमेरा बसवल्यावर दुखणे कमी होण्याऐवजी वाढते का, याचाही उलगडा होतो.

कॅमेऱ्याला रात्री कसे दिसते, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. माणसाच्या डोळ्याला साधारण ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढचा प्रकाश जवळजवळ दिसत नाही, पण कॅमेऱ्यातला सिलिकॉनचा सेन्सर सुमारे १,१०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपू शकतो. दिवसा हा जास्तीचा अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश आत आला तर रंग बिघडतात, म्हणून सेन्सरच्या पुढे तो अडवणारा एक छोटा फिल्टर असतो. अंधार पडला की हा फिल्टर बाजूला सरकतो, मघाचा ‘टक्’ आवाज त्याचाच असतो, आणि भिंगाभोवतीचे एलईडी पेटतात. बहुतेक कॅमेऱ्यांत हे एलईडी ८५० नॅनोमीटरचे असतात. त्यांच्याकडे जवळून पाहिले तर निखाऱ्यासारखा मंद तांबूस ठिपका दिसतो. काही कॅमेऱ्यांत ९४० नॅनोमीटरचे एलईडी असतात, जे डोळ्याला जवळपास दिसतच नाहीत, मात्र त्या तरंगलांबीच्या प्रकाशाला सेन्सर बराच कमी प्रतिसाद देत असल्यामुळे त्यांचा पल्ला तोकडा पडतो. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे: दिवा आणि डोळा यांच्यात जेमतेम बोटभर अंतर असते. साऱ्या अडचणींचे मूळ या रचनेत आहे.

आंबोलीच्या घाटात दाट धुके असताना गाडीचे हेडलाइट प्रखर केले तर पुढचा रस्ता दिसण्याऐवजी समोर पांढरी भिंत उभी राहते; कॅमेऱ्याच्या बाबतीत नेमके तेच घडते. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. कॅमेऱ्यापासून ९ मीटरवर फाटक आहे आणि ३० सेंटिमीटरवर पडवीच्या छपराची कड आहे असे धरले, तर अंतरातली तफावत ३० पट झाली आणि प्रकाशातली तफावत ९०० पट. म्हणजे फाटकावर जेवढा उजेड पडतो त्याच्या सुमारे ९०० पट उजेड त्या कडेवर पडतो. सेन्सरला एकाच चित्रात इतका फरक सांभाळता येत नाही. कॅमेऱ्याचे स्वयंचलित एक्स्पोजर चित्रातला सरासरी उजेड मोजते, पांढऱ्या कडेमुळे ‘उजेड पुरेसा आहे’ असा निष्कर्ष काढते आणि सगळ्या चित्राचीच संवेदनशीलता खाली आणते. कड तरीही पांढरीच राहते आणि फाटक काळे होते. पाहणाऱ्याला वाटते की कॅमेऱ्याचा उजेड फाटकापर्यंत पोहोचत नाही. प्रत्यक्षात तो पोहोचलेला असतो, पण कॅमेऱ्याने त्याच्याकडे पाहणेच सोडून दिलेले असते.

छपराच्या कडेपेक्षाही जवळची वस्तू म्हणजे कॅमेऱ्याचे स्वतःचे पारदर्शक कव्हर. हवा आणि पारदर्शक प्लास्टिक यांच्या सीमेवर प्रकाश अगदी सरळ पडला तरी त्यातला सुमारे ४ ते ५ टक्के भाग परावर्तित होतो. कव्हराला आतली आणि बाहेरची अशा दोन बाजू असल्यामुळे एकूण वाटा ८ ते १० टक्क्यांच्या घरात जातो. हा आकडा किरकोळ वाटतो खरा, परंतु एलईडीतून निघून फाटकावर आदळून पुन्हा त्या इवल्याशा भिंगात शिरणारा प्रकाश मूळ प्रकाशाचा लाखावा भागसुद्धा नसतो. त्यामुळे कव्हरावरून परतलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश भिंगाकडे वळला तरी तो फाटकाच्या चित्राला झाकून टाकायला पुरतो.

उपाय करण्यापूर्वी चकाकी कोठून येते हे शोधावे लागते आणि त्यासाठी चित्र नीट न्याहाळावे लागते. संपूर्ण चित्रावर सारखे धुके असेल, तर संशय कव्हरावर घ्यावा. एकच बाजू किंवा एकच कोपरा पांढरा असेल, तर त्या बाजूला भिंत, छपराची कड, पन्हळ किंवा पाइप आहे का ते पाहावे. कमानीसारखा किंवा अर्धवर्तुळाकार पट्टा दिसत असेल, तर डोमच्या, म्हणजे घुमटासारख्या गोल कव्हराच्या, कडेवरून आत परावर्तन होत आहे असे समजावे. वाऱ्याबरोबर हलणारे जाड पांढरे दोर हे कोळ्याचे जाळे असते, आणि इकडून तिकडे तरंगणारे गोल पांढरे गोळे म्हणजे किडे, धूळ किंवा पावसाचे थेंब. (या गोळ्यांच्या चित्रफिती ‘आमच्या वाड्यात काय फिरते पाहा’ अशा मजकुरासह फिरत असतात, त्यातल्या बहुतेकांमागे भिंगापासून वीतभर अंतरावरून उडणारे चिलट असते.) संशयाची खात्री करण्याची पद्धतही सोपी आहे. रात्री शिडीवर चढून डोमचे कव्हर क्षणभर काढावे आणि दुसऱ्या माणसाने मोबाइलवर चित्र पाहावे. धुके नाहीसे झाले तर दोष कव्हरात आहे. तसेच राहिले तर बाहेरच्या एखाद्या पृष्ठभागात आहे. मग एकेका बाजूच्या भिंतीसमोर किंवा छपराखाली काळा पुठ्ठा धरून पाहिला की दोषी पृष्ठभाग लगेच सापडतो.

कव्हराच्या बाबतीत सर्वांत सामान्य कारण सर्वांत क्षुल्लक असते: कारखान्यातून आलेली पातळ संरक्षक फिल्म काढलेलीच नसते. दिवसा तिचा पत्ताही लागत नाही. त्याखालोखाल क्रमांक लागतो बोटांच्या ठशांचा. डोम उघड-मिट करताना कव्हराला तेलकट बोटे लागतात आणि रात्री प्रत्येक ठसा उजळून निघतो. कव्हर पुसतानाही काळजी घ्यावी लागते, कारण ते बहुधा काचेचे नसून पॉलिकार्बोनेटचे असते आणि त्यावर सहज ओरखडे पडतात. आधी स्वच्छ पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी, नंतर सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ मायक्रोफायबर कापडाने हलक्या हाताने पुसावे. कोरड्या फडक्याने धूळ घासणे, थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरणे, अमोनिया असलेला काच पुसण्याचा फवारा मारणे या तीन गोष्टी टाळाव्यात. त्यांनी पृष्ठभाग कायमचा धूसर होऊ शकतो. समुद्राकाठच्या घरांत खारट वाऱ्यामुळे कव्हरावर मिठाचा पापुद्रा बसतो आणि तो काही आठवड्यांत परत येतो, तेव्हा तिथे ही धुलाई नेमाने करावी लागते. ओरखडे खोल असतील तर पॉलिश करत बसण्यापेक्षा नवे कव्हर मागवणे बरे.

डोम कॅमेऱ्यात भिंगाभोवती फोम किंवा रबराची एक काळी रिंग असते, आणि माझ्या मते संपूर्ण कॅमेऱ्यातला हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. एलईडीचा प्रकाश कव्हराच्या आतल्या बाजूवर आपटून भिंगात शिरू नये म्हणून ही रिंग दोहोंच्या मध्ये बांधासारखी उभी असते, आणि ती कव्हराला आतून सर्व बाजूंनी चिकटून बसली तरच काम करते. भिंगाची दिशा बदलताना ती एका बाजूने सुटते, वर्षानुवर्षांच्या उन्हाने फोमचा भुगा होतो, किंवा दुरुस्तीच्या वेळी कोणीतरी ती काढून ठेवते आणि परत बसवत नाही. कव्हर लावल्यानंतर टॉर्चच्या उजेडात बाजूने पाहिले तर रिंग आणि कव्हर यांच्यातली फट दिसते. फट असेल तर रिंग सारखी करावी, झिजली असेल तर तेवढ्याच मापाची नवी बसवावी. त्याच वेळी भिंग डोमच्या स्वच्छ, एकसंध भागातून पाहत आहे ना, हेही तपासावे. फार वर किंवा फार खाली वळवलेले भिंग कव्हराच्या जाड कडेतून पाहू लागते आणि मघाशी सांगितलेली कमान चित्रात उमटते.

कोकणात यापुढे पावसाळ्याचा वेगळा अध्याय असतो. कव्हराच्या आत बाष्प धरले की त्याचे सूक्ष्म थेंब एलईडीच्या उजेडात चमकतात आणि पहाटेच्या सुमारास चित्र अगदीच दुधाळ होते. हे बाष्प बहुतेक वेळा वायरच्या भोकातून येते. वायर वरून थेट कॅमेऱ्यात उतरत असेल तर पाणी तिच्या अंगाअंगाने आत जाते. म्हणून आत शिरण्याआधी वायरीला खाली झुकणारा एक झोका ठेवावा, म्हणजे पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकून जाते. कॅमेऱ्यावर आयपी ६६ किंवा ६७ असे धूळ-पाण्यापासूनच्या बचावाचे मानांकन लिहिलेले असले, तरी ते रबरी गॅस्केट नीट बसलेले असेपर्यंतच खरे असते. डोम उघडण्याची वेळही महत्त्वाची आहे. जुलैतल्या दमट सकाळी कव्हर उघडून पुन्हा लावले तर ती दमट हवाच आत बंद होते. शक्य असेल तर उघडीप पाहून, दुपारच्या कोरड्या हवेत हे काम करावे आणि आत सिलिका जेलची ताजी पुडी ठेवावी.

कव्हर निर्दोष असेल तर मोर्चा कॅमेऱ्याच्या जागेकडे वळवावा. पावसापासून बचाव व्हावा म्हणून कॅमेरा पडवीच्या छपराखाली, अगदी वळचणीला, भिंतीच्या कोपऱ्यात बसवण्याची पद्धत आहे, आणि पावसाचा विचार केला तर ती योग्यही आहे. परंतु घरगुती कॅमेऱ्यांत सर्रास वापरले जाणारे २.८ मिलिमीटरचे भिंग फार रुंद पाहते, त्यामुळे शेजारची भिंत किंवा वरचा पत्रा चित्रात अलगद शिरतो. याहून फसवी स्थिती म्हणजे भिंत चित्रात दिसत नाही, पण एलईडीचा झोत चित्राच्या चौकटीपेक्षा रुंद असल्याने भिंतीवर उजेड पडतो आणि तिथून कव्हरावर येऊन चित्र धूसर करतो. उपाय एकच, तो म्हणजे कॅमेरा पुढे काढणे. भिंतीवर जंक्शन बॉक्स किंवा लांब ब्रॅकेट बसवून कॅमेरा छपराच्या कडेच्या रेषेपर्यंत आणावा, बाजूच्या भिंतीपासून फूटभर तरी अंतर ठेवावे आणि कॅमेरा थोडा खाली झुकवावा, म्हणजे वरची कड आणि निरुपयोगी काळे आकाश दोन्ही चौकटीबाहेर जातात. बुलेट, म्हणजे नळीसारख्या लांबट, कॅमेऱ्यावरची सरकती टोपीही याच नियमात बसते. पावसाच्या भीतीने ती फार पुढे ओढली तर तिच्याच पोटावरून उजेड भिंगात परततो, म्हणून चित्राची वरची बाजू काळी-स्वच्छ होईपर्यंत ती मागे सरकवावी.

कॅमेरा हलवणे शक्य नसेल तेव्हा जवळच्या पृष्ठभागाला काळा रंग देण्याचा सल्ला दिला जातो. सल्ला बरोबर आहे, पण त्यात एक खाच आहे. आपल्या डोळ्याला काळी दिसणारी वस्तू इन्फ्रारेडमध्ये काळी असेलच असे नाही. कितीतरी काळी सिंथेटिक कापडे रात्रीच्या कॅमेऱ्यात राखाडी, क्वचित पांढरीसुद्धा दिसतात, कारण त्यांचा रंग दृश्य प्रकाश शोषतो आणि इन्फ्रारेड परतवतो. काळी छत्री, काळी ताडपत्री, काळा टेप यांपैकी काहीही लावण्याआधी त्याचा एक तुकडा रात्री कॅमेऱ्यासमोर धरून पाहावा. फळ्याला देतात तसला काजळीयुक्त, चमक नसलेला रंग सहसा चांगला ठरतो. चकचकीत ऑइलपेंट मात्र काळा असला तरी आरशासारखा वागतो.

झाडांच्या बाबतीत हा डोळ्यांना न दिसणारा रंग आणखीच अनपेक्षित रीतीने पुढे येतो. हिरवे पान लाल आणि निळा प्रकाश शोषून घेते, पण ७०० नॅनोमीटरच्या पुढे त्याची परावर्तनक्षमता एकदम वाढते आणि निरोगी पान जवळच्या इन्फ्रारेड प्रकाशापैकी जवळपास निम्मा परत फेकते. पिकांची आणि जंगलांची स्थिती उपग्रहावरून ओळखता येते ती याच गुणामुळे. १९८८ साली सोडलेल्या आयआरएस-१ए या भारतीय उपग्रहाच्या कॅमेऱ्यांतही ०.७७ ते ०.८६ मायक्रोमीटरचा एक पट्टा याच कारणासाठी होता. आपल्या अंगणापुरता याचा अर्थ असा की, दिवसा गडद हिरवी आणि निरुपद्रवी वाटणारी जास्वंदीची फांदी किंवा सुपारीची झावळी रात्री कॅमेऱ्यासमोर पांढऱ्या पडद्यासारखी झळाळते. पावसाळ्यात वाढलेली वेल सप्टेंबरपर्यंत कॅमेऱ्याजवळ पोहोचते आणि ‘कॅमेरा हल्लीच बिघडला’ असा फोन येतो. अशा वेळी कोयती हेच योग्य हत्यार असते. कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटरच्या आत एकही पान चौकटीत येणार नाही, इतकी छाटणी पुरे होते.

कोळ्यांशी लढाई कधीच पूर्णपणे जिंकता येत नाही. कॅमेऱ्याजवळ आडोसा असतो, एलईडींची थोडी ऊब असते, आणि जवळच पडवीचा दिवा असेल तर त्यावर येणाऱ्या किड्यांचा आयता साठा असतो. बहुतेक किड्यांना इन्फ्रारेड दिसत नाही; ते येतात ते आपल्या पांढऱ्या बल्बकडे. म्हणून कॅमेऱ्याशेजारचा दिवा चार-पाच मीटर दूर हलवला तर कोळीही त्याच्या मागे जाण्याची शक्यता बरीच असते. लांब काठीला मऊ कुंचा बांधून आठवड्याला एकदा जाळी काढणे हा उपाय जुनाट वाटला तरी उत्तम आहे. कीटकनाशकाचा फवारा कव्हरावर थेट मारू नये, त्यातले द्रावक प्लास्टिकला तडे पाडू शकतात. मारायचाच असेल तर कॅमेरा झाकून भोवतालच्या भिंतीवर मारावा.

आता सेटिंग्जविषयी. अनेक कॅमेऱ्यांत ‘स्मार्ट आयआर’ नावाची सोय असते, जी जवळची वस्तू फार उजळली की एलईडींची ताकद आपोआप कमी करते. दाराशी आलेल्या माणसाचा चेहरा पांढराफटक होऊन नाक-डोळे दिसेनासे होत असतील, तर ही सोय चालू करावी. ती नसेल तर एलईडींची ताकद हाताने कमी करावी. छोट्या अंगणाला ३० मीटर पल्ल्याच्या पूर्ण ताकदीची गरज नसते. चकाकी घालवण्यासाठी वाइड डायनॅमिक रेंज, म्हणजे चित्रातले फार उजळ आणि फार काळोखे भाग एकाच वेळी सांभाळण्याची सोय, वाढवण्याचा मोह होतो, पण गडद अंधारात तिच्यामुळे चित्रात दाणे वाढू शकतात. मी सेटिंग्जना शेवटचा हात मानतो. कव्हरावरच्या धुळीवर किंवा समोरच्या भिंतीवर मेनूमधून कोणताही इलाज होत नाही, आणि उलट क्रमाने गेल्यास निम्मी रात्र मेनू धुंडाळण्यात जाते.

एक लक्षण मात्र वेगळे ओळखायला हवे. काही कॅमेरे रात्रभर ‘टक्-टक्’ करत रंगीत आणि काळ्या-पांढऱ्या चित्रात हेलकावे खातात. जवळच्या पृष्ठभागावरून परतलेल्या स्वतःच्याच उजेडामुळे कॅमेऱ्याला उजाडल्यासारखे वाटते, तो एलईडी विझवतो, लगेच अंधार होतो आणि तो पुन्हा पेटवतो. मूळ परावर्तन दूर करणे हा खरा इलाज, पण तात्पुरते म्हणून दिवस-रात्र बदल वेळापत्रकावर टाकता येतो. एलईडी पेटताच कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर ती चकाकीची गोष्ट नाही. लांब आणि बारीक वायरीत व्होल्टेज पडत असते, कारण एलईडी पेटल्यावर कॅमेऱ्याला दिवसापेक्षा जास्त करंट लागतो.

सोसायटीच्या फाटकावर आणखी एक त्रास असतो तो नंबरप्लेटचा. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना सक्तीच्या झालेल्या उच्च सुरक्षा नंबरप्लेटचा पृष्ठभाग आलेला उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवतो. कॅमेऱ्याचा दिवा भिंगाला चिकटून असल्यामुळे तो सगळा उजेड थेट भिंगात येतो आणि आकड्यांऐवजी पांढरा आयत दिसतो. सर्वसाधारण दृश्य आणि नंबरप्लेट ही दोन्ही कामे एकाच कॅमेऱ्याकडून रात्री करवून घेण्याचा आग्रह सोडून द्यावा, असे मी आमच्या समितीला सांगितले. नंबरप्लेटसाठी अरुंद दृश्याचा वेगळा कॅमेरा लावून त्याचा शटर वेग वाढवला आणि एक्स्पोजर मुद्दाम खाली ठेवले की बाकी चित्र काळे होते, पण आकडे वाचता येतात.

इतके सगळे करूनही समाधान झाले नाही तर, किंवा खरे तर ज्यांना एकदाच खर्च करून मोकळे व्हायचे आहे त्यांनी आधीच, दिवा आणि डोळा यांची फारकत करावी. बाजारात सुटे इन्फ्रारेड इल्युमिनेटर मिळतात. बहुतेक १२ व्होल्टवर चालतात आणि अंधार पडल्यावर आपोआप पेटतात. कॅमेऱ्याचे स्वतःचे एलईडी सेटिंगमधून बंद करावेत आणि हा सुटा दिवा कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटर बाजूला, शक्य असेल तर अंगणाच्या दुसऱ्या खांबावर, कॅमेऱ्याच्या चौकटीत येणार नाही अशा बेताने बसवावा. मग कव्हरावरची थोडी धूळ, भिंगासमोरून जाणारा थेंब, जाळ्याचा एखादा धागा यांच्यावर उजेडच पडत नाही आणि ते चित्रात जवळपास अदृश्य होतात. पावसाळी रात्रीच्या चित्रातला फरक सर्वांत ठळक असतो. दिवा घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. त्याच्या झोताचा कोन भिंगाच्या कोनाएवढा असावा, नाहीतर अंगणाच्या मध्यभागी उजेडाचे वर्तुळ पडून कडा काळ्या राहतात. आणि तो ८५० नॅनोमीटरचा घ्यावा, कारण अंगणासाठी पल्ला महत्त्वाचा असतो. तांबूस ठिपका चोराला दिसला तर बिघडत नाही, उलट कॅमेरा जागा आहे हे त्याला कळलेले चांगले. खिडकीच्या काचेमागे ठेवलेल्या कॅमेऱ्याला तर हा एकमेव मार्ग आहे: आतले एलईडी बंद, भिंग काचेला टेकवलेले आणि दिवा बाहेर.

इन्फ्रारेडचा नाद सोडून साधा दृश्य उजेड ठेवणे हाही पर्याय आहे. अलीकडचे मोठ्या छिद्राच्या भिंगाचे कॅमेरे अंगणातल्या एका मंद दिव्यावरही रंगीत चित्र देतात, आणि सदऱ्याचा किंवा गाडीचा रंग कळणे चोरीनंतर फार उपयोगी पडते. मात्र पांढऱ्या दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे पाली आणि कोळी येतात, आणि रात्रभर दिवा जळत असलेले घर रिकामे आहे हे वाडीत सर्वांना कळते. हालचाल झाली की पेटणारा दिवा हा मला त्यातला समंजस मार्ग वाटतो, फक्त समोरच्या वाटेवरच्या कुत्र्यामांजरांनी तो सारखा पेटू नये इतका त्याचा कोन खाली ठेवावा लागतो.

नवा कॅमेरा घेत असाल तर पडवीसाठी मी टरेट प्रकाराला पसंती देतो. त्यात भिंग आणि एलईडी एकाच गोल कव्हराखाली नसतात, त्यामुळे आतल्या परावर्तनाचा प्रश्न मुळातच राहत नाही. दुकानात टरेट आणि डोम या दोन्हींना सरसकट डोम म्हणतात, म्हणून खोके उघडून पाहावे.

बसवण्याच्या कामाविषयी एवढेच सांगायचे आहे की, ते संध्याकाळी करून घ्यावे. तंत्रज्ञ सकाळी येतो, उन्हात चित्र दाखवतो, पैसे घेतो आणि जातो. रात्रीचे चित्र त्याने पाहिलेलेच नसते. ‘दादा, सहानंतर या आणि अंधार पडल्यावर चित्र दाखवूनच जा’ असे आधीच ठरवावे आणि शेवटचे स्क्रू तोपर्यंत आवळू देऊ नयेत. मालक शहरात आणि कॅमेरा गावात असेल तर शिडीवरच्या माणसाशी फोन चालू ठेवून हे करता येते, फक्त मोबाइलवरचे चित्र काही सेकंद मागे असते. म्हणून कॅमेरा प्रत्येक वेळी थोडासाच फिरवून, हात बाजूला घेऊन, सावकाश दहापर्यंत मोजायला सांगावे आणि मगच पुढची सूचना द्यावी.